नभोरेखेचे व्याकरण आणि सावलीचा प्रश्न

१

शहरातील इमारतींनी आकाशावर काढलेली आकृती दर्शविण्यासाठी इंग्रजीत आज जो 'स्कायलाइन' शब्द वापरला जातो, तो मुळात ह्या अर्थाचा नव्हे. पृथ्वी आणि आकाश जेथे एकमेकांस टेकल्यासारखी दिसतात ती क्षितिजरेषा, एवढाच त्याचा जुना अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहरे उंच होऊ लागली आणि हा शब्द निसर्गाकडून नगराकडे सरकला. त्याचा सोबती 'स्कायस्क्रेपर' हाही असाच स्थलांतरित आहे. इमारतीचे नाव होण्यापूर्वी तो जहाजाच्या डोलकाठीवरील अगदी माथ्याच्या लहान त्रिकोणी शिडाचे नाव होता. जर्मनांनी त्याचे भाषांतर 'ढग खरवडणारा' असे केले, फ्रेंचांनी 'आकाश खरवडणारा' असे केले. आपण मात्र खरवडण्याच्या भानगडीत न पडता 'गगनचुंबी' म्हणून मोकळे झालो. संस्कृतात तर ढग चाटणारा ह्या अर्थी 'अभ्रंलिह' असा शब्द आहे. त्याची सिद्धी पाणिनीने सांगितली असून कालिदासाने 'मेघदूता'त अलकानगरीतील प्रासादांच्या अग्रांना हे विशेषण लावले आहे.

तथापि ह्या सर्व शब्दांत एक उणीव आहे. 'गगनचुंबी' काय किंवा 'अभ्रंलिह' काय, ही विशेषणे एकेका इमारतीची आहेत. अनेक इमारती मिळून जी एक रेषा तयार होते, जिचा कर्ता कोणीही एक नसतो आणि जी सर्वांना एकदमच दिसते, तिला मराठीत रूढ शब्द नाही. प्रस्तुत लेखात तिला 'नभोरेखा' असे म्हटले आहे. शब्दाची ही उणीव केवळ मराठीची नाही. अमेरिकेतील उंच इमारतींविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत जी समीक्षा लिहिली गेली, तिचीही बहुतांश हीच स्थिती आहे. तिच्यापाशी इमारतीला लावण्याजोगी विशेषणे विपुल आहेत, परंतु रेषेविषयी बोलण्याची वेळ आली की ती उपमांचा आश्रय घेते.

ह्या उपमांमध्ये सर्वांत प्रतिष्ठित उपमा भाषेची होय. जॉन समरसन ह्यांच्या १९६३ मधील पुस्तकाच्या नावातच अभिजात वास्तुकलेला भाषा म्हटले आहे, आणि चार्ल्स जेंक्स ह्यांनी १९७७ मध्ये आधुनिकोत्तर वास्तुकलेसाठी तोच शब्द योजला. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट सुखावणारी असली, तरी आपल्या घरातील वस्तू शेजाऱ्याने उसनी नेल्यावर ती तेथे कशी वापरली जाते हे पाहणे त्याचे कर्तव्यच ठरते. नभोरेखा ही भाषा आहे असे म्हटल्याने नेमके काय उलगडते, आणि त्याच वेळी काय झाकले जाते, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम ह्या उपमेचे श्रेय तिला देऊ. फेर्दिनां द सोस्यूर ह्यांनी शिकविले की शब्दाचे मूल्य त्याच्या ठायी नसून त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदात असते. शेजार बदलला की शब्द तोच राहूनही त्याचे मूल्य बदलते. न्यूयॉर्कमधील ट्रिनिटी चर्चचे उदाहरण ह्या सिद्धान्तासाठी मुद्दाम रचल्यासारखे आहे. १८४६ साली पूर्ण झालेल्या ह्या चर्चचा मनोरा २८१ फूट उंच आहे. चार दशकांहून अधिक काळ दक्षिण मॅनहॅटनच्या नभोरेखेवर त्याच्याहून उंच असे काही नव्हते. बंदरात शिरणाऱ्या जहाजावरील मनुष्याला हा मनोरा प्रथम दिसे, आणि ह्या शहरात सर्वांत वर काय आहे ह्याचे उत्तर त्यास मिळे. १८९० मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' ह्या वृत्तपत्राच्या इमारतीने त्यास मागे टाकले. १९१३ मध्ये ७९२ फुटांची वुलवर्थ इमारत उभी राहिली, आणि तिला लोक 'व्यापाराचे कॅथीड्रल' म्हणू लागले. चर्चचा एकही दगड हललेला नाही. परंतु जे विधान होते ते आता तळटीप झाले आहे. दीर्घकाळ परदेशी राहून १९०४ मध्ये मायभूमीस परतलेल्या हेन्री जेम्स ह्या कादंबरीकाराला ह्या दृश्याने व्यथित केले, आणि १९०७ च्या 'द अमेरिकन सीन' ह्या ग्रंथात त्याने ती व्यथा नोंदविली. त्याची व्यथा खरी होती. पण तो ज्याला चर्चचा अपमान समजत होता ते वस्तुतः अर्थांतर होते, आणि अर्थांतर हे नेहमी शेजाऱ्यांमुळेच घडते.

येथवर उपमा आपले काम चोख बजावते.

३

उंच इमारतीविषयीचा पहिला महत्त्वाचा समीक्षालेख लुई सलिव्हन ह्याने १८९६ मध्ये लिहिला. उंच कार्यालयीन इमारतीचा कलादृष्ट्या विचार, असा त्याचा विषय आहे. रूप हे कार्याला अनुसरते, हे पुढे घोषवाक्य होऊन बसलेले मत प्रथम ह्याच लेखात आले. सलिव्हनच्या मते उंच इमारतीचे तीन भाग असतात. खाली रस्त्याशी नाते जोडणारे तळमजले, मध्ये एकासारखी एक अशा कचेऱ्यांची चळत, आणि वर यंत्रसामग्री सामावणारा समाप्तीचा मजला. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याने इमारतीचे एक वाक्य बनविले, ज्याला आरंभ आहे, विस्तार आहे आणि पूर्णविराम आहे. सेंट लुई येथील १८९१ ची वेनराइट इमारत हे त्याच्या ह्या वाक्याचे सर्वांत निर्दोष उदाहरण मानले जाते.

परंतु वेनराइट इमारतीकडे नीट पाहिले असता एक गमतीची गोष्ट लक्षात येते. तिच्या दर्शनी भागावर जे उभे खांब चढत जातात, त्यांपैकी एकाआड एक खांबाच्या पोटात पोलादी स्तंभच नाही. तो खांब भार वाहत नाही, तर उंचीचा भास वाहतो. रूप कार्याला अनुसरते असे सांगणाऱ्यानेच जेथे कार्य नव्हते तेथे रूप उभे केले. ह्यात सलिव्हनला खोटे पाडण्याचा हेतू नाही. उलट तो कवी होता व त्याला लय हवी होती. मुद्दा असा की त्याची समीक्षा एका वाक्याच्या सौंदर्याची समीक्षा होती. लेखाच्या आरंभी तो लिफ्ट, पोलाद, शहरातील गर्दी आणि जमिनीची चढती किंमत ह्यांचा उल्लेख करतो. परंतु ही सर्व कारणे एकदा मान्य करून तो पुढे जातो आणि त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. त्याच्या इमारतीला शेजारी नाहीत.

कॅरल विलिस ह्या इतिहासकार बाईंनी १९९५ मध्ये सलिव्हनच्या घोषवाक्यातील 'कार्य' काढून त्या जागी 'भांडवल' घातले आणि तेच आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले. न्यूयॉर्क आणि शिकागो ह्या दोन शहरांत एकाच काळी, एकाच तंत्राने, एकाच हेतूने इमारती बांधल्या गेल्या, तरी त्यांच्या नभोरेखा भिन्न का, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचे उत्तर भूखंडांच्या आकारात, उजेडाच्या गरजेत आणि नगरपालिकेच्या नियमांत आहे. विजेचा प्रकाश क्षीण होता आणि वातानुकूलन नव्हते तोवर खिडकीपासून पंचवीस-अठ्ठावीस फुटांपलीकडील जागेस चांगले भाडे येत नसे. त्यामुळे इमारतीची खोली सूर्य ठरवी. शिकागोत भूखंड मोठे होते आणि १८९३ पासून उंचीवर १३० फुटांची मर्यादा घातली गेली, म्हणून तेथे मध्ये चौक असलेल्या भरीव इमारती झाल्या. न्यूयॉर्कला अशी मर्यादा नव्हती आणि भूखंड लहान होते, म्हणून तेथे मनोरे झाले. ह्या स्थानिक वळणांना विलिसबाईंनी जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ 'बोली' असा होतो. भाषेची उपमा येथे प्रथमच एका इमारतीवरून उठून शहराला लागू झाली.

४

बोलींवर व्याकरण आले ते १९१६ मध्ये. योगायोग असा की सोस्यूर ह्यांची व्याख्याने त्यांच्या मरणोत्तर ज्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने क्षेत्रविभाजनाचा आपला पहिला सर्वंकष नियम संमत केला. १९१५ मध्ये पूर्ण झालेली इक्विटेबल इमारत ह्या नियमास कारण झाली असे सर्रास सांगितले जाते. ते अंशतःच खरे आहे, कारण इमारतींच्या उंचीचा विचार करणारी समिती १९१३ मध्येच नेमली गेली होती. मात्र वादाला चेहरा मिळाला तो ह्याच इमारतीमुळे. एक एकराहून थोड्या कमी जागेवर ३८ मजले, आणि भूखंडाच्या सुमारे तीसपट चटईक्षेत्र! तिची सावली सुमारे सात एकरांवर पडते असे त्या काळी बोलले जाई.

१९१६ च्या नियमाने उंचीवर सरसकट मर्यादा घातली नाही. रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठराविक उंचीनंतर इमारतीने पायरीपायरीने मागे सरावे, आणि भूखंडाच्या एकचतुर्थांश भागावर मात्र मनोरा हवा तेवढा उंच न्यावा, असे त्याचे स्वरूप होते. ह्यू फेरिस ह्या चित्रकाराने १९२२ मध्ये हार्वी विली कॉर्बेट ह्या वास्तुविशारदाबरोबर काम करताना ह्या नियमाला जास्तीत जास्त कोणता आकार बसतो हे कोळशाने रेखाटून दाखविले. ती चित्रे पाहिली म्हणजे कायद्याच्या कलमांतून डोंगर उगवल्यासारखा वाटतो. १९३० ची क्रायस्लर आणि १९३१ ची एम्पायर स्टेट ह्या दोन्ही इमारतींचे शिल्पकार वेगळे, मालक वेगळे, अलंकार वेगळे. पण मागे सरत सरत मनोऱ्यात रूपांतरित होणे ही त्यांची चाल एकाच कलमाने शिकविलेली आहे.

१९६१ मध्ये हे व्याकरण बदलले. पायऱ्यांऐवजी चटई क्षेत्र निर्देशांक आला. दाट भागात भूखंडाच्या पंधरापट बांधकामाची मुभा, आणि पायथ्याशी मोकळे प्रांगण ठेवल्यास आणखी वीस टक्के बक्षीस. १९५८ च्या सीग्रॅम इमारतीने पार्क ॲव्हेन्यूवर जे प्रांगण स्वेच्छेने सोडले होते, त्याचे येथे नियमात रूपांतर झाले. एका लेखकाची शैली व्याकरणात शिरली की तिचे जे होते तेच येथेही झाले. सीग्रॅमच्या प्रांगणात जी प्रतिष्ठा होती ती अनुकरणांत उरली नाही, आणि ओसाड, वाऱ्याने झोडपलेल्या मोकळ्या जागा शहरभर झाल्या. विल्यम व्हाइट ह्यांनी ह्या जागांत लोक कोठे बसतात व कोठे बसत नाहीत ह्याचे बारकाईने निरीक्षण केले. त्यानंतर १९७५ मध्ये प्रांगणात बसण्याची सोय असावी असा नियम करावा लागला. बसावयास जागा असावी हे सांगण्यासाठी कायदा लागावा, ह्यातच त्या काळच्या वास्तुसमीक्षेचे अपयश स्पष्ट होते. ती दर्शनी काचेची चर्चा करीत राहिली.

व्याकरण लिखितच असावे लागते असे नाही. फिलाडेल्फियाच्या नगरगृहावर विल्यम पेन ह्याचा ३७ फुटांचा पुतळा आहे आणि त्याच्या टोपीची उंची ५४८ फूट आहे. टोपीच्या वर इमारत नेऊ नये असा कायदा त्या शहराने कधीच केला नव्हता. तरी १९०१ मध्ये नगरगृह पूर्ण झाल्यापासून आठ दशकांहून अधिक काळ हा संकेत पाळला गेला. भाषेत ज्याला आपण रूढी म्हणतो ती हीच. १९८७ मध्ये वन लिबर्टी प्लेस ही ९४५ फुटांची इमारत झाली आणि रूढी मोडली. त्यानंतर शहरातील संघांना विजेतेपद लाभेना, तेव्हा लोकांनी त्याचा दोष पेनच्या अवमानास दिला. २००७ मध्ये कॉमकास्ट सेंटरच्या शिखराच्या तुळईवर कामगारांनी पेनची एक चिमुकली मूर्ती बसविली, आणि पुढच्याच वर्षी शहराचा बेसबॉल संघ अजिंक्य ठरला! विनोद सोडून दिला तरी ह्या कथेत एक सत्य आहे. लोक नभोरेखेला आपली समजतात, तिच्यातील एकाही इमारतीची मालकी त्यांच्याकडे नसताना.

५

आता उपमेच्या मर्यादेकडे वळू. मला जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे.

भाषेचा एक गुण इतका स्वाभाविक आहे की आपण त्याचा उल्लेखही करीत नाही. मी एखादा शब्द वापरल्याने तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही. मी कितीही लांब वाक्य बोललो तरी शेजाऱ्याच्या वाक्यातील क्रियापद त्यामुळे अंधारात जात नाही. नवा शब्द आला तर जुन्याचे मूल्य बदलते, पण तो उच्चारण्याची शक्ती नष्ट होत नाही. भाषा वाटून घेतल्याने संपत नाही. आकाश संपते. उजेड संपतो. ट्रिनिटीच्या मनोऱ्याचे अर्थांतर झाले एवढेच आपण वर म्हटले, परंतु त्याच्या भोवतालच्या स्मशानभूमीवर पडणारे ऊनही कमी झाले हे म्हणावयाचे राहून गेले. ते राहून गेले, कारण उपमेने ते आपल्याला दिसू दिले नाही.

न्यूयॉर्कच्या सत्तावन्नाव्या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या निवासी मनोऱ्यांकडे पाहावे. २०१४ चे वन५७, २०१५ चे १,३९६ फुटांचे ४३२ पार्क ॲव्हेन्यू, १,५५० फुटांचे सेंट्रल पार्क टॉवर, आणि रुंदीच्या चोवीसपट उंची असलेले १११ वेस्ट ५७. केवळ रूपाच्या दृष्टीने ४३२ पार्क ॲव्हेन्यू ही सलिव्हनच्या वाक्याला दिलेली चतुर उलटी आहे. तिला तळ नाही, माथा नाही, फक्त मधला भाग आहे. ९३ फुटांच्या चौरसावर सारख्याच खिडक्यांची जाळी आकाशात चढत जाते आणि एके ठिकाणी थांबते. ठराविक अंतरावर वारा आरपार जावा म्हणून मोकळे मजले ठेवले आहेत. तिच्या संयमाची स्तुती करणारा समीक्षक चुकत नाही. पण तो अर्धेच बोलतो.

उरलेले अर्धे असे की हे मनोरे नियम मोडून झालेले नाहीत, नियम वाचून झालेले आहेत. शेजारच्या इमारतींनी न वापरलेले बांधकामाचे हक्क विकत घेऊन एका अरुंद भूखंडावर रचता येतात. यंत्रसामग्रीचे मजले चटईक्षेत्रात मोजले जात नसत, म्हणून ते वाटेल तेवढे उंच करून वरची घरे अधिक वर, म्हणजे अधिक किमतीच्या उजेडात, नेता येत. २०१९ मध्ये नियम दुरुस्त करून निवासी मनोऱ्यांतील २५ फुटांहून उंच अशा यंत्रमजल्यांची मोजणी सुरू झाली, तोवर बरेच काही उभे राहून गेले होते. ह्यांपैकी बऱ्याच बांधकामांस सार्वजनिक सुनावणीची गरजच पडली नाही. २०१३ मध्ये म्युनिसिपल आर्ट सोसायटी ह्या जुन्या नागरी संस्थेने ह्याविषयी अहवाल काढला, त्याचे नावच 'आकस्मिक नभोरेखा' अशा अर्थाचे होते. आकस्मिक हे विशेषण मात्र मला पटत नाही. अपवादांचा फायदा घेऊन बनविलेले रूप आकस्मिक नसते. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ते चांगले ठाऊक असते.

ह्याहून प्रभावी समीक्षा त्याआधीच झाली होती, आणि ती शब्दांत नव्हती. १९८७ मध्ये कोलंबस सर्कलपाशी दोन प्रचंड मनोऱ्यांची योजना पुढे आली असता सेंट्रल पार्कमध्ये शेकडो नागरिक काळ्या छत्र्या घेऊन जमले. येऊ घातलेली सावली जेथे जेथे पडणार होती, तेथे तेथे ते ओळीने उभे राहिले आणि त्यांनी छत्र्या उघडल्या. त्यांनी नभोरेखेकडे बोट दाखविले नाही, जमिनीवर तिचा अर्थ लिहून दाखविला. मूळ योजना पुढे सोडून देण्यात आली.

सॅन फ्रान्सिस्कोने हीच गोष्ट कायद्याने लिहिली. १९७२ च्या ट्रान्सअमेरिका पिरॅमिडनंतर तेथे उंचीविषयी दीर्घ वाद झाला, आणि १९८४ मध्ये मतदारांनी ४० फुटांहून उंच इमारतींची सावली सार्वजनिक उद्यानांवर पडण्यास निर्बंध घातला. रूपाविषयी एक अक्षर न लिहिता रूप घडविणारा हा नियम आहे. अर्थात् त्यालाही दुसरी बाजू आहे. घरांची भीषण टंचाई असलेल्या त्या शहरात, नको असलेले शेजारी येऊ नयेत म्हणूनही सावलीचे कारण पुढे करता येते. तेव्हा सावली मोजणे हा न्यायनिवाडा नव्हे, ते केवळ पुराव्याचे काम होय. ही सावली कोणासाठी पडते, तिच्या मोबदल्यात किती जणांस छप्पर मिळते, हे प्रश्न त्यानंतरचे. शेकडो कुटुंबांना घर देणाऱ्या मनोऱ्याची सावली आणि वर्षातून थोडेच दिवस उघडणाऱ्या घरांची सावली, भूमितीच्या दृष्टीने सारखीच असली तरी समीक्षेच्या दृष्टीने सारखी नाही.

६

लुई ममफर्ड ह्यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात १९३१ पासून तीन दशकांहून अधिक काळ जे सदर चालविले त्याचे नाव 'स्कायलाइन' असे होते. ह्या नावाखाली ते वारंवार पायाखालच्या गोष्टींविषयी, रस्त्यांतील गर्दी, हवा आणि उजेड ह्यांविषयी लिहीत. एडा लुईझ हक्स्टेबल ह्यांनी १९८४ मध्ये सलिव्हनच्याच शीर्षकाला 'पुनर्विचारा'ची जोड देऊन उंच इमारतीच्या शैलींचा इतिहास लिहिला, तेव्हा शैलीमागील सौदे त्यांनी नजरेआड केले नाहीत. ही परंपरा अल्पसंख्य असली तरी तीच अनुसरण्यासारखी आहे.

सौदे किती दूर जातात ह्याचे एकच उदाहरण देतो. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्थानक पाडण्यास प्रारंभ झाला, त्या धक्क्याने १९६५ चा वारसावास्तूंचा कायदा झाला, आणि त्या कायद्याने ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधण्यास मनाई केली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. स्थानकावरील न वापरलेले हक्क मालकास अन्यत्र वापरता येतात, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. ते हक्क पुढे खरोखरच विकले गेले. २०२५ मध्ये उघडलेल्या २७० पार्क ॲव्हेन्यूच्या १,३८८ फुटांत ग्रँड सेंट्रलच्या माथ्यावरील आकाशाचा वाटा आहे. एका वास्तूचे मौन दुसरीकडे आवाज होऊन उमटले. हीच कल्पना 'हस्तांतरणीय विकास हक्क' ह्या नावाने मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आली. तेव्हा मॅनहॅटनची नभोरेखा वाचणे हा आपल्याकडील वाचकासाठी केवळ परदेशदर्शनाचा विषय राहिलेला नाही.

निष्कर्ष थोडक्यात असा. नभोरेखेला भाषा म्हणण्यास हरकत नाही. तिच्यात शेजारामुळे अर्थ बदलतात, तिला बोली आहेत, व्याकरण आहे, रूढी आहे. परंतु भाषेत बोलणाऱ्याचे बोलणे ऐकणाऱ्याचा उजेड घेत नाही, आणि येथे घेते. म्हणून येथे व्याकरण हा समीक्षेच्या बाहेरचा, वकिलांचा विषय मानता येत नाही. चटई क्षेत्र निर्देशांकाचे कलम हे सलिव्हनच्या खांबाइतकेच वाचनीय आहे, आणि जो समीक्षक ते वाचीत नाही त्याने नभोरेखा वाचलेलीच नाही. इमारतीचा माथा पाहून झाल्यावर त्याने खाली पाहावे. मध्यान्ह टळल्यावर उद्यानातील बाक एकामागून एक सावलीत जातात. त्या बाकांवर बसलेली माणसे उठून कोठे जातात, हे त्याने टिपून घ्यावे.